टेकडीवरची जागा

तंझिल्याने शवपेटी दारातच अडवली.

"ही परत न्या," ती म्हणाली. "आमच्यात पेटी लागत नाही."

पेटी आणणारे सुतारखात्यातले दोघे गडी जिन्यातच थबकले. त्यांच्यामागून कामगार कमिटीचा अर्कादी धापा टाकत वर आला. इन्सुलेटरच्या कारखान्यातलं एकटं माणूस गेलं, की त्याचं शेवटचं सगळं अर्कादीच बघायचा. आज पहाटे गाल्या गेली होती आणि तिला पुढेमागे कोणी नव्हतं. होती ती भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण, तंझिल्या.

"तोन्या, वाट सोड," अर्कादी म्हणाला. "खाली नदीकडे, चर्चच्या बाजूला खड्डा खणायला सांगितलाय मी."

भट्टीखात्यात तंझिल्याला सगळे तोन्याच म्हणत. तिथे प्रत्येक तातार मुसलमानाला एक रशियन नाव चिकटायचं, कारण मुकादमांच्या जिभेला तेवढंच झेपायचं. रशीदचा रोमा झाला होता, मिन्नुल्लाचा मीशा. कोणी मनाला लावून घेत नसे.

"गाल्या कुठली? गुलसिना ती," तंझिल्या म्हणाली. "जशी मी तोन्या, तशी ती गाल्या."

पासपोर्टवर गालिना इवानोव्ना असं अस्सल रशियन नाव लिहिलंय, असं अर्कादीने सांगून पाहिलं. तंझिल्याचं उत्तर तयार होतं. युद्धात आईबाप गेलेली पोर अनाथाश्रमात वाढली. तिथल्या कारकुनांनी दिसेल त्या पोरीला इवानोव्ना करून टाकलं होतं. मग अर्कादीने ईस्टरच्या अंड्यांचा विषय काढला. गाल्या ती दरवर्षी रंगवायची.

"मीसुद्धा रंगवते. जिन्यातली पोरं दारात येऊन उभी राहतात, त्यांना काय हात हलवत पाठवू?"

अर्कादीने डोकं खाजवलं. तंझिल्याशी वाद घालून भट्टीखात्यात आजवर कोणाचं काही चाललं नव्हतं. त्याचंही चाललं नाही. पेटी आल्या वाटेने खाली गेली.

आता खरी घाई होती. सूर्य मावळायच्या आत माती द्यायला हवी आणि ऑक्टोबरचा दिवस तो केवढा! तंझिल्याने डोक्यावरून शाल घेतली, गुडघ्यांची कुरकुर कानाआड केली आणि रूळ ओलांडून मशीद गाठली.

गाव एकच, दफनभूमी दोन. रशियन खाली नदीकडे, तातार वर टेकडीवर, मधे एक गाडीवाट. जन्मभर एकाच भट्टीपुढे भाजून निघालेली माणसं त्या वाटेपाशी एकमेकांपासून वेगळी व्हायची. आपली गुलसिना एकटी परक्यांत पडून राहणं तंझिल्याला मान्य नव्हतं.

मुल्ला इल्गिझार वयाने तिच्या मुलासारखा, पण कामाला चोख. त्याने एकेक गोष्ट विचारली. नमाज? ओठ हलायचे तिचे, तंझिल्या म्हणाली. रोजे? भट्टीपुढे उभं राहून कोण रोजे धरतं! डुकराचं मांस? माझ्या घरी तिने कधी खाल्लं नाही.

"म्हणजे साक्षीला तुम्ही एकट्याच, तंझिल्या-अपा."

"मी पुरेशी आहे."

मग तिने त्याला पहिला दिवस सांगितला. तंझिल्या नुकतीच लग्न होऊन खेड्यातून आली होती. भट्टीखात्यातल्या बायकांत तातार अशी ती एकटीच. रशियन धड येत नव्हतं, जेवणाच्या सुट्टीत ती भिंतीकडे तोंड करून बसायची. एक दिवस गाल्या नावाची नवी पोरगी आली. काळे केस, गालाची हाडं वर आलेली. तंझिल्या धावतच गेली आणि तातारीत म्हणाली, तू आपल्यातलीच ना? नाव काय, गुलसिना? पोरीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"भाषा पार मोडकी होती तिची. अनाथाश्रमाने पुसून टाकली होती," तंझिल्या म्हणाली. "दोन वर्षांत परत आली. रक्तातली भाषा जाते कुठे?"

मुल्लाने अजून थोडा विचार केला आणि टेकडीवर जागा दिली.

तंझिल्याने दोघी शेजारणींना हाताशी घेऊन गुलसिनाला आंघोळ घातली. कफनाला कापड नव्हतं. तिने आपल्या ट्रंकेच्या तळाशी स्वतःसाठी जपून ठेवलेलं पांढरं कापड काढलं आणि फाडलं. माझं माझ्या वेळी बघू, म्हणाली.

बायका दफनाला जात नाहीत. तिने गाल्याच्या खिडकीतूनच जनाजा पाहिला. अर्कादीनेही खांदा दिला होता. गाडीवाटेपाशी माणसं वळली आणि टेकडी चढू लागली. तंझिल्याच्या डोळ्यांना धार लागली. "पोहोचलीस बाई आपल्या माणसांत," ती म्हणाली.

माणसं परत आली की चहा द्यायला हवा. गाल्याकडचा चांगला टेबलक्लॉथ काढायला तिने कपाट उघडलं. घड्यांच्या खाली एक पाकीट होतं. वर गाल्याच्या गोल अक्षरात लिहिलेलं: कामगार कमिटीसाठी, मी गेल्यावर उघडावं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. चहाला आल्यावर अर्कादीला देऊ, असं तिने ठरवलं, पण हातांनी ऐकलं नाही.

खाली जिन्यात माणसांचे बूट वाजू लागले. ती खिडकीच्या उजेडात वाचत होती.

"मला खाली नदीकडे ठेवा आणि पाद्रीला बोलवा. आईने माझा बाप्तिस्मा केला होता, मला तो दिवस आठवतो. शेजारच्या तंझिल्याला मात्र हे जपून सांगा. पहिल्या दिवशी ती धावत येऊन माझ्याशी तातारीत बोलली. मला त्यातला एक शब्दही कळला नाही. पण आपलं कोणीतरी भेटलं म्हणून तिला इतका आनंद झाला होता, की मला नाही म्हणवेना. मग मी ती भाषा शिकले."