मागे बघायचं नाही

जपानच्या काबुकी नाटकात रंगमंचावर नटाच्या मागे काळ्या कपड्यांत मदतनीस वावरतो; बैठक सरकवतो, पोशाख सावरतो. तो दिसला तरी दिसत नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं. नटानं तर मागे वळून बघायचंच नाही. तोमेनोजोनं हे चाळीस वर्षं पाळलं. राणीच्या जड पोशाखात तो न बघता बसायचा आणि खाली मदतनीस सोकिचीनं चौरंग अचूक सरकवलेला असायचा.

आज सकाळी त्याचा शेवटचा प्रयोग झाला. टोप उतरवणाऱ्या शिगेहारूला तो म्हणाला, "सोकिची वारल्यावर माझ्यामागे कोण आलं रे? कधी तोंडही बघितलं नाही. बोलाव, आभार मानतो."

शिगेहारू हसला. "काय गुरुजी, थट्टा करता! तुम्हीच म्हणालात ना, दुसरा कुणी नको? तीन वर्षं मागे कुणीच नाही. ह्या वयात चौरंगाशिवाय बसल्याचा अभिनय करता! बघायला विंगेत गर्दी होते."

तोमेनोजोनं तोंडावरचा रंग पुसला.

घरी कुणी वाट बघणारं नव्हतं. दुपारच्या उन्हात स्वयंपाकघर लख्ख होतं. त्यानं एकट्यापुरता चहा केला आणि पेला हातात धरून मधोमध उभा राहिला. मागे मोकळी जमीन होती. आत येताना त्यानं ती नीट बघितली होती.

मागे न बघता त्यानं अंग सोडून दिलं.

खाली चौरंग होता.

पेल्यातला चहा हललाही नाही. मग नेहमीसारखं मागून कुणीतरी, फार जपून, त्याच्या किमोनोची सुटलेली गाठ बांधू लागलं.