मिथुनपेटी

ग्रीकांच्या गोष्टीत कॅस्टर मेला, तेव्हा त्याच्या जुळ्या भावाने, पोलक्सने, आपलं अर्धं अमरत्व त्याला देऊन टाकलं आणि दोघे मिथुन राशीत तारे होऊन बसले. कोल्हापुरात खंडोजी पैलवानाने हेच मिथुनपेटीतून केलं. तो गार पेटीत निजला की त्याची ऊब शेजारच्या पेटीत जायची आणि मेलेला जुळा दौलू दिवसभर जगायचा. एक दिवस याचा, एक त्याचा.

पैलवानाच्या लेकीचं लग्न नेमकं दौलूच्या दिवशी आलं.

"आज नका निजू, पैलवान," पेटी सांभाळणारी शालन म्हणाली.

"मग दौलू पुन्हा उठंल?"

"नाही उठणार."

"मग लाव झाकण."

दौलू उठला आणि आज लग्न आहे हे ऐकून खवळलाच. "येडं हाय का ते? पोरीला बाप नको?" भावाला ऊब परत द्यायला तो तसाच पेटीत शिरला.

"अहो, दिवसभर अंगात मुरल्याशिवाय ती परत जात नाही, वाया जाते!" शालन ओरडली, तोवर झाकण बसलं होतं.

तिने दोन्ही पेट्यांना हात लावून पाहिला. दोन्ही सारख्याच गार पडल्या होत्या.

तेवढ्यात मांडवातून नवरीचा फोन आला. "शालनताई, मुहूर्त टळतोय! आबा नाहीतर काका, कुणीबी चालंल, पण एकाला तरी पाठवा!"