चक्कर गेली त्या दिवशी

तीन महिने झाले, नागुबाईंनी कूस बदलली की घर गरगर फिरायचं. शेवटी सून रचना त्यांना आणि सासरे जोतिबांना घेऊन बेळगावला गेली. डॉक्टरांनी नागुबाईंना आडवं करून डोकं या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं आणि पाच मिनिटांत उठवून बसवलं. चक्कर गायब झाली.

"सुई न्हाय, गोळी न्हाय, आन् बरं झालं म्हणं?" जोतिबांना काही पटेना.

परतताना गावच्या स्टेशनात, गुंजीला, रेल्वेतून ते आधी उतरले आणि वळून त्यांनी बायकोपुढं हात केला. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण चारचौघांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"जमंल न्हवं गं उतरायला?"



नागुबाईंनी हात घट्ट धरला. "अजून जरा फिरतंय वो. घरापत्तोर सोडू नका."