बावीसची की सतराची?

टेनेसीच्या डोंगरातल्या लहानशा चर्चला नवा पाद्री हवा होता आणि वर्षभर घरी बसलेल्या एलम प्रुइटला चर्च. परीक्षेचं प्रवचन त्यानं असं गाऊन रंगवलं की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. आता जेवण झालं की मंडळी मत देणार होती.

जेवायला मात्र मंडळी दोन टेबलांवर, एकमेकांकडे पाठ करून बसली.

"पाद्रीबाबा, बायबलचं राहू द्या," वडीलधारे हॉलिस कोंबडीची तंगडी त्याच्यावर रोखत म्हणाले. "कुंपणावरचे रिकामे डबे टिपायला कोणत्या मापाच्या गोळीची रायफल चांगली? बावीसची की सतराची?"

"बावीसचीच! गोळी स्वस्त, दिवसभर उडवा!" त्यांच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं.

"आणि दिवसभर नेम चुकवा!" दुसऱ्या टेबलावरून वर्नाकाकू कडाडल्या. "सतराची गोळी कशी सुतासारखी सरळ जाते!"

"वारा सुटेपर्यंतच सरळ, काकू!"

मागचा पाद्री इथं का टिकला नाही, हे एलमला आत्ता कळलं. एक बाजू धरली तर दुसरी जाणार. पण देवाच्या घरात खोटं बोलवेना.

"मी आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही," तो कसाबसा म्हणाला.

दोन्ही टेबलं पहिल्यांदाच वळून त्याच्याकडे बघू लागली. एलमच्या बायकोनं मुलांना कोट चढवायला घेतले.


मतं पडली आणि हॉलिस धापा टाकत गाडीपाशी आले: "अहो, थांबा! एकमतानं निवडलंय तुम्हाला; दोन्ही टेबलं म्हणतायत, ह्याचा उद्धार आम्हीच करणार!"