सातवी रास

गुरुजींनी सप्तपदीसाठी तांदळाच्या सहा राशी फक्कीच्या रेघेच्या आत मांडल्या आणि सातवी बाहेर. रेणुका थबकली. तुरुंगांत जागा उरली नाही तेव्हापासून गल्लीत घरटी एकाच्या पायात सरकारी वाळा होता; या घरात तो तिच्या पायात. घराभोवतीची रेघ ओलांडली की तो बोंब ठोकायचा आणि शिक्षा वर्षाने वाढायची.

"सातव्या पावलाला लग्न पुरं," गुरुजी म्हणाले. "मग समोरचं नवऱ्याचं घर तुझं. रेघही तिथूनच मोजायची. कायदा वाचूनच मुहूर्त काढलाय."

तिने नवऱ्याचा हात धरला आणि डोळे मिटून पाऊल टाकलं. वाळ्याने हूं की चूं केलं नाही. आपापल्या रेघांवर ताटकळलेल्या गल्लीने उरल्यासुरल्या अक्षता उधळल्या.

"वाळा गप्प बसला," सासूबाई हसत म्हणाल्या. "आता तू बोल. घे उखाणा."