तेरा पिढ्यांचं रक्त

टॉर्क्विल मॅकब्रोननने खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. खोलीत मर्डो मॅकस्कार होता. मॅकस्काराचं तोंड बघायचं नाही, हा मॅकब्रोननांच्या घरचा नेम साडेतीनशे वर्षं चालत आला होता.

"बाबा, निदान आज तरी सरळ बसा ना," इशबेल म्हणाली.

"भिंत बरी. भिंतीने कुणाच्या गाई चोरल्या नाहीत."

मर्डो खो खो हसला. "तुमच्या चाळीस गाई नेल्या आम्ही, इशबेल! एका फेरीत! आणि एक म्हणून हंबरली नाही. खुशीनेच आल्या असणार बिचाऱ्या."

इशबेलने कपाळावर हात मारला. परवा शनिवारी तिचं लग्न होतं, या मर्डोच्याच मुलाशी, फिनलेशी. चर्च ठरलं होतं, बॅगपाइपवाला ठरला होता, केक मर्डोच्या बेकरीत तयार होत होता. घोडं अडलं होतं ते टॉर्क्विलपाशी. मॅकस्काराच्या घरात द्यायला मी मुलीचा हात धरून चर्चमध्ये चालणार नाही, जायचं तर एकटीने जा, असं त्याने साफ सांगितलं होतं. इशबेलची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. आता बापही शेजारी नाही, या विचाराने पोरीचा आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

माणूस वाईट नव्हता हो. खाटकाचं दुकान होतं, गावातल्या म्हाताऱ्यांसाठी मऊ तुकडे आठवणीने बाजूला काढून ठेवायचा. फक्त आडनावाचा विषय निघाला की डोकं फिरायचं. समोर मर्डोची बेकरी असताना हा पठ्ठ्या पावासाठी अकरा मैल गाडी हाणायचा.

आजची बैठकही त्यानेच घडवून आणली होती. एफीबाई जुनी दप्तरं चाळून लोकांच्या वंशावळी लावायच्या. त्यांनी सगळ्यांसमोर तेरा पिढ्यांचं मॅकब्रोनन रक्त मोठ्याने वाचून दाखवायचं. आपण काय मातीत घालतोय, ते पोरीला कळू दे! हे ऐकून मर्डोलाही चेव चढला आणि त्याने आपलीही वंशावळ काढायला सांगितली.

एफीबाईंनी चष्मा पुसला. अमेरिकेहून येणाऱ्या पाहुण्यांना त्या हटकून एखादा शूर सरदार पूर्वज म्हणून शोधून देत. गावच्या माणसांना मात्र खरं सांगत.

"टॉर्क्विल, तुझ्या बारा पिढ्या स्वच्छ आहेत. एकजात मॅकब्रोनन."

"ऐकलंस, पोरी?" टॉर्क्विल भिंतीला म्हणाला.

"तेराव्या पिढीला जरा गडबड आहे. त्या साली दुष्काळ पडला होता. नदीच्या दोन काठांवरच्या दोन्ही कुळांच्या प्रमुखांना लढायला माणसं हवी होती. मग दवंडी पिटली, जो आपलं आडनाव लावील त्याला ओटच्या पिठाचं एक पोतं. तुझा तेरावा आजा नदी ओलांडून अलीकडे आला, पोतं घेतलं आणि मॅकब्रोनन झाला."

"आणि त्याआधी कोण होता?"

"मॅकस्कार," एफीबाई म्हणाल्या. "गाई नेणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. अगदी पहिलं."

टॉर्क्विलने खाली आपल्या किल्टकडे, मॅकब्रोनन कुळाच्या हिरव्या-काळ्या चौकड्यांच्या घागऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या दोरीवरचा उचलून नेसल्यासारखा तो एकदम अवघडला. फिनलेने त्याला पाणी दिलं. मर्डोची तर हसून हसून मुरकुंडी वळली. "अरे भाऊबंदा!" तो ओरडला. "ये की, गळाभेट घे!"

"हसून घे, मर्डो," एफीबाई म्हणाल्या. "तुझाही तेरावा आजा त्याच आठवड्यात नदी ओलांडून पलीकडे गेला. पलीकडचं पोतं मोठं आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तू मॅकब्रोनन. ज्यांच्या गाई गेल्या ना, ते तुम्ही."

मर्डोचं हसू जागच्या जागी थिजलं. दर नव्या वर्षाच्या मेजवानीला हा माणूस ती चोरी रंगवून सांगायचा. ऐकणारे कंटाळायचे, हा कंटाळायचा नाही.

"चाळीसच्या चाळीस?" त्याने कापऱ्या आवाजात विचारलं. "दुभत्या होत्या?"

"दुभत्या होत्या. काही गाभण."

मर्डो ताडकन उठला. "फिनले, घरी चल! चोरांच्या घरात माझा मुलगा जाणार नाही. शनिवारी मी त्या चर्चची पायरी चढणार नाही!"

"बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" फिनले म्हणाला.

इशबेलला रडूच फुटलं. एका म्हाताऱ्याला समजावताना नाकी नऊ आले होते, आता हा दुसरा. तिने मर्डोला 'काका, काका' करून पाहिलं, पण तो ऐकायलाच तयार नव्हता. गाभण गाईसुद्धा सोडल्या नाहीत मेल्यांनी, एवढंच तो परत परत म्हणत होता.

तेवढ्यात भिंतीकडची खुर्ची करकरली. टॉर्क्विल उठून उभा राहिला होता. कान लालबुंद झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा तो मर्डोच्या डोळ्याला डोळा भिडवून बघत होता.

"चोर कुणाला म्हणतोस रे?"

त्याने एका हाताने इशबेलचा हात धरला. दुसऱ्या हाताने फिनलेची कॉलर पकडली आणि त्याला खस्सकन आपल्या बाजूला ओढलं.

"पोरी, डोळे पूस. शनिवारी अकरा वाजता तयार राहा. हात धरायला मी येतोय."

"सोड माझ्या मुलाला!" मर्डो किंचाळला. "मला न विचारता तू त्याला..."

"विचारून?" टॉर्क्विलची छाती वीतभर फुगली. "अरे, आम्ही मॅकस्कार. आम्ही विचारून नेत नाही!"