परवा

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "आधी मूळ सापडू दे."

शेजारच्या खुर्चीतला सहकारी कीबोर्डवरचे हात उचलून तसाच बसला. कुठलाही बिघाड वरच्यावर टाका घालून झाकण्यात त्याचा हातखंडा होता, म्हणून ऑफिसने त्याचं नाव ठिगळ्या ठेवलं होतं. तिचं नाव खोदकामवाली. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एकमेकांशी पटतही नसे.

बिघाड मोठा विचित्र होता. हृदयरोगाच्या एका दवाखान्यासाठी त्यांनी फोनवर बोलणारं यंत्र बनवलं होतं. यंत्र विचारायचं, "तुमची तपासणी कधी?" रुग्ण आपल्या शब्दांत सांगायचा. व्हायची असेल तर यंत्र त्या दिवसाची खाट राखून ठेवायचं, होऊन गेली असेल तर 'झाली' अशी नोंद करून खाट दुसऱ्याला द्यायचं. हल्ली मात्र ज्यांची व्हायचीच होती अशांच्या नावापुढेही 'झाली' लागत होतं. माणसं कपड्यांची पिशवी घेऊन दारात हजर आणि खाट गायब. दवाखाना फोन करकरून ठिगळ्याचं डोकं खात होता.

"अडकतात ते सगळे 'परवा' म्हणणारे," ठिगळ्या म्हणाला. "परवा म्हणजे येणारा परवा, असं ठोकून देऊ. पाच मिनिटांचं काम."

"आणि ज्यांची खरंच परवा झाली, त्यांच्या नावाने खाटा अडवून ठेवायच्या? मागचा परवा की पुढचा, ते क्रियापद सांगतं. आलो होतो, की येणार आहे. यंत्राला क्रियापद कळतं, मीच शिकवलंय. मग ते चुकतंय कुठे?"

"खण तू. तोवर शिव्या मी खातो." तो उठता उठता थांबला. "तुझ्या बाबांची अँजिओग्राफी होती ना तिथेच?"

"झालीसुद्धा. गुपचूप उरकली आणि मग मला फोन. स्वभावच तसा."

तिने हसण्यावारी नेलं, पण ती बातमी ऐकून तिच्या जिवात जीव आला होता. वडील दुसऱ्या गावी एकटे राहायचे. टाळाटाळ अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दवाखानाही तिनेच सुचवला होता. तिथे आपलंच यंत्र आहे, बाबा, ताटकळावं लागायचं नाही, असं ती मोठ्या ऐटीत म्हणाली होती.

ती कामाला लागली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं, ही तिची पद्धत. लाइन खराब असेल, म्हणून स्वच्छ आवाज देऊन पाहिला. बोलण्याची ढब वेगळी असेल, म्हणून चार तऱ्हांनी 'परवा येणार आहे' म्हणून पाहिलं. यंत्र दर वेळी बरोबर. शेवटी तिने यंत्राला काय ऐकू आलं ते एका बाजूला घेतलं आणि रुग्णाचं पूर्ण रेकॉर्डिंग दुसऱ्या बाजूला. यंत्राकडे एकच शब्द होता: परवा. रेकॉर्डिंगमध्ये मात्र 'परवा' नंतर एक धाप होती, आणि धापेनंतर पुढचं वाक्य.

ती खुर्चीत ताठ झाली. बोलणारा जरा थांबला की त्याचं बोलणं संपलं, असं यंत्र धरून चालत होतं. ते थांबणं किती असावं हे त्यांनी ऑफिसातल्या धडधाकट पोरांवर तपासून ठरवलं होतं. ती पोरं एका दमात वाक्य संपवायची. हृदयाच्या रुग्णाला एका शब्दानंतरच दम लागतो, हे हृदयाच्या दवाखान्याचं यंत्र बनवताना एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. रेकॉर्डिंग पुढे चालू राहायचं, पण क्रियापद येण्याआधीच यंत्र ऐकणं थांबवत होतं, आणि नुसत्या 'परवा'ला मागचा परवा समजत होतं.

"सापडलं," ती म्हणाली. ठिगळ्या धावत आला. खात्रीसाठी तिने यादीतलं आणखी एक रेकॉर्डिंग लावलं.

"परवा…" एक लांब श्वास. "येतो मी. हल्ली जिना चढताना छातीत भरून येतं. सोबत कुणी नसलं तर चालतं का हो?"

आवाज वडिलांचा होता. नोंद 'झाली' अशी होती, आणि त्यांचा तो परवा आज होता.

आता तिला तो फोन आठवला. दोन दिवसांपूर्वी मीटिंगला निघताना आलेला. "अगं, परवा अँजिओग्राफी…" एवढं म्हणून ते थांबले होते. तिने घाईघाईने म्हटलं होतं, "झाली पण? आणि मला आत्ता सांगताय? बरं झालं, सुटले बाई. संध्याकाळी बोलते." आणि फोन ठेवला होता. ती संध्याकाळ राहूनच गेली.

"ठिगळ लाव," ती कशीबशी म्हणाली. "आत्ता लाव. सगळ्या परवावाल्यांच्या खाटा परत दे."

ठिगळ्याने लगेच कीबोर्ड ओढला.

तिने वडिलांना फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग उचलला गेला.

"बाबा, कुठे आहात?"

"दवाखान्यात. बाकावर बसलोय." मग धाप. ती तोंडाला हात लावून गप्प राहिली, त्यांचा श्वास पुरता होईपर्यंत. पलीकडे ते किंचित हसले.

"इथली माणसं म्हणतात, आजोबा, तुमची तपासणी तर होऊन गेलीय. मी म्हटलं, असेल बुवा. माझी मुलगीही तेच म्हणाली."